मागच्या सीटवरचा माणूस आणि मोटरसायकलचा अँटेना

अमेरिकेच्या पश्चिम भागात, नेवाडासारख्या राज्यांत असे रस्ते आहेत की तासभर गाडी हाकली तरी गाव लागत नाही आणि मोबाइलला रेंज मिळत नाही. अशा रस्त्यांवर लांबच्या सफरीला निघालेल्या जाडजूड मोटरसायकलींच्या मागच्या डिकीवर चारेक फूट उंचीची एक बारीक काठी वाऱ्यावर डोलताना अजूनही दिसते. कधी एक, कधी दोन. दोन असतील तर एक साध्या एफएम रेडिओची आणि दुसरी सीबी रेडिओची. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. सामान्य नागरिकांना आपसात बोलता यावे म्हणून सरकारने मोकळा ठेवलेला रेडिओलहरींचा पट्टा.

अमेरिकेत हा पट्टा आजच्या जागी आला तो १९५८ मध्ये. पण त्याला खरे दिवस आले ते १९७३च्या तेलटंचाईनंतर. महामार्गांवरची वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली, डिझेल मिळेनासे झाले आणि कुठल्या पंपावर इंधन आहे, कुठल्या वळणावर पोलीस उभे आहेत हे एकमेकांना सांगण्यासाठी ट्रकचालकांनी सीबी उचलून धरला. १९७७ मध्ये वाहिन्या २३ वरून ४० झाल्या, १९८३ मध्ये परवान्याची अटही गेली. होंडाची गोल्ड विंग १९७५ मध्ये बाजारात आली आणि अशा मोठ्या सफरी गाड्यांवर पुढे सीबी बसू लागला. आज ब्लूटूथवर चालणारे हेल्मेटमधले संच आले आहेत. तरीही समोरून येणाऱ्या अनोळखी ट्रकवाल्याने ‘पुढे वीस मैलांवर गारा पडताहेत’ असे सांगावे, ही सोय सीबीखेरीज दुसऱ्या कशात नाही. नववी वाहिनी आणीबाणीसाठी राखलेली, एकोणिसावी ट्रकवाल्यांची, हा तिकडचा रिवाज बहुतेक स्वारांना पाठ असतो.

आरोग्याच्या सदरात या काठीचे काय काम, असा प्रश्न पडेल. काम आहे, आणि ते एका आकड्यात आहे. सीबीच्या चाळीस वाहिन्या २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झ या दरम्यान बसतात. आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात फिजिओथेरपी विभागात ‘शेक देण्याचे’ जे शॉर्टवेव्ह डायथर्मी यंत्र असते, ते चालते २७.१२ मेगाहर्ट्झवर. म्हणजे सीबीच्या तेराव्या आणि चौदाव्या वाहिनीच्या बरोबर मधोमध. आखडलेल्या कंबरेला खोलवर ऊब देणाऱ्या लहरी आणि मोटरसायकलवर गप्पा मारायच्या लहरी एकाच जातीच्या आहेत. फरक आहे तो शक्तीचा आणि अंतराचा. डायथर्मी यंत्र काहीशे वॅटपर्यंत जाते, सीबीला अमेरिकेत नेहमीच्या बोलण्यासाठी ४ वॅटची मर्यादा आहे. शक्तीची मर्यादा कायद्याने घातली. अंतर मात्र अँटेना बसवणाऱ्याच्या हातात असते, आणि मोटरसायकलवर ते अंतर हातभराच्या आत येते. तेही चालवणाऱ्यापासून नव्हे, मागे बसलेल्या माणसापासून. बहुधा ती पत्नी असते. बटण दाबून बोलतो तो पुढचा, लहरी सोडणाऱ्या काठीला जवळजवळ खांदा लावून बसते ती मागची.

हे घाबरवण्यासाठी सांगितलेले नाही. अँटेना नीट बसवला तर ही गोष्ट निर्धोक आहे, आणि नीट बसवलेलाच अँटेना दूरवर ऐकू जातो. इथे चांगले काम आणि सुरक्षित काम यांत भांडण नाही. पण मोटरसायकलवर तो नीट बसवणे मोटारीपेक्षा अवघड का, हे कळण्यासाठी थोडे विज्ञान समजून घ्यावे लागते.

२७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ११ मीटर. अशा लहरी चांगल्या सोडायच्या तर अँटेना तिच्या एक चतुर्थांश, म्हणजे पावणेतीन मीटर उंच हवा. एवढी काठी मोटरसायकलवर लावून कोणी पेट्रोल पंपाच्या छपराखाली जाऊ शकत नाही. म्हणून काठी सव्वा मीटरपर्यंत आखडतात आणि उरलेल्या लांबीची भरपाई तारेचे वेटोळे गुंडाळून करतात. शिवाय अशी काठी म्हणजे अँटेनाचा अर्धाच भाग असतो. दुसरा अर्धा भाग म्हणजे तिच्या बुडाशी असलेला धातूचा पसारा. मोटारीचे पत्र्याचे छप्पर हे काम आयते करते, जणू काठीखाली ठेवलेला आरसा. काठीत जेवढा प्रवाह वर चढतो तेवढाच या पत्र्यात पसरतो आणि हिशेब जुळतो.

मोटरसायकलला छप्पर नाही. मागची डिकी प्लास्टिकची किंवा फायबरग्लासची. धातू आहे तो इंजिनात आणि चौकटीत, तोही अरुंद, तुकड्यातुकड्यांत, रंग आणि रबराच्या वॉशरांनी एकमेकांपासून तोडलेला. मग हिशेब जुळवण्यासाठी प्रवाह जिथे वाट मिळेल तिथे जातो. सगळ्यात सोपी वाट म्हणजे अँटेनाकडून रेडिओकडे जाणाऱ्या केबलचे बाहेरचे जाळीदार आवरण. ते आवरण रेडिओच्या डब्याला जोडलेले, डब्यातून हेल्मेटच्या माइकची वायर निघालेली, आणि ती वायर थेट ओठांपाशी आणि कानापाशी पोहोचलेली. म्हणजे जो प्रवाह डिकीखाली मुरायला हवा होता, तो स्वाराच्या तोंडाशी येऊन उभा राहतो.

कुठल्याही आजाराप्रमाणे याचीही लक्षणे असतात. बोलायचे बटण दाबले की हेल्मेटमध्ये शिट्टी वाजते किंवा आवाज फाटतो. डॅशबोर्डवरचा एखादा दिवा उगाच लुकलुकतो. माइकची धातूची दांडी ओठाला लागली तर मुंगी चावल्यासारखी झिणझिणी येते. हे शेवटचे लक्षण दिसले की बहुतेक जण माइकला फोमची टोपी घालतात आणि प्रश्न सुटला असे मानतात. ताप पाहिला आणि थर्मामीटर फोडून टाकला, असा हा प्रकार. झिणझिणी सांगत असते की बुडाशी जोडणी कच्ची आहे. उपचार तिथेच करायला हवा.

तो उपचार फार खर्चाचा नाही. अँटेना ज्या पट्टीवर उभा आहे ती पट्टी गाडीच्या मूळ लोखंडी चौकटीला रुंद, विणलेल्या तांब्याच्या पट्ट्याने जोडायची. गोल बारीक वायर बॅटरीच्या विजेला पुरते, रेडिओलहरींना पुरत नाही. त्या वाहकाच्या पृष्ठभागावरून वाहतात, म्हणून जोडणी रुंद हवी आणि आखूडही. जिथे बोल्ट बसणार तिथला रंग पॉलिशपेपरने पूर्ण घासून चकचकीत धातू उघडा करायचा, दातेरी वॉशर टाकून कसायचे आणि मग वरून ग्रीस किंवा रंग लावायचा, म्हणजे गंज धरत नाही. डिकी झाकणासारखी उघडत असेल तर बिजागरीवर विसंबू नये. बिजागरीत वंगण असते, धूळ असते, आणि चालत्या गाडीत तिचा स्पर्श क्षणाक्षणाला तुटतो. दोन्ही बाजू पट्ट्याने जोडाव्यात. मल्टिमीटरचे एक टोक अँटेनाच्या पट्टीला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावले तर रोध शून्याच्या आसपास दिसला पाहिजे. ही तपासणी एकदा करून भागत नाही. मोटरसायकल सतत थरथरते, नट सैल होतात, पाऊस आत शिरतो. दर मोसमाच्या सुरुवातीला पाना घेऊन एक फेरी मारावी.

ज्या गाड्यांवर धातूचा पसारा मुळातच तुटपुंजा आहे त्यांच्यासाठी बाजारात ‘नो ग्राउंड प्लेन’ नावाचे संच मिळतात. त्यात अँटेना आणि केबल जोडीनेच जुळवलेली असते. केबलची लांबी हाच त्या जुळणीचा भाग असतो. लांब वाटते म्हणून ती कापली की सगळे बिघडले. हौशी लोक नेमके हेच करतात. उरलेल्या केबलची घट्ट गोल गुंडाळी करून कोंबण्याऐवजी इंग्रजी आठच्या आकड्यासारखे सैल, फूटभर लांबीचे वेढे देऊन ती बांधावी. शिवाय साधा अँटेना आणि या संचातली केबल, किंवा उलट, असा संकर करू नये. एका आजाराची अर्धी गोळी आणि दुसऱ्या आजाराची अर्धी गोळी घेण्यासारखे ते होते.

जोडणी झाली की मोजणी. त्यासाठी एसडब्ल्यूआर नावाचा मीटर रेडिओ आणि केबल यांच्यामध्ये लावतात. पाठवलेल्या शक्तीपैकी किती शक्ती अँटेनाने न स्वीकारता परत धाडली हे तो सांगतो. आकडा १ आला तर आदर्श. १.५ म्हणजे सुमारे ४ टक्के परत, २ म्हणजे ११ टक्के, ३ म्हणजे तब्बल पाव हिस्सा. ३च्या वर रेडिओच तापून बिघडण्याची भीती असते, म्हणून तेवढा आकडा दिसला तर बोलणे बंद करून आधी जोडणी तपासावी. पहिल्या वाहिनीवर आकडा जास्त आणि चाळिसाव्यावर कमी असेल तर काठी आखूड आहे, टोकाचा स्क्रू वर काढून ती थोडी वाढवायची. उलट असेल तर कमी करायची. एका वेळी काही मिलिमीटरच, पुन्हा मोजून. भिंत, पत्र्याची शेड, उभ्या मोटारी यांच्यापासून दूर, मोकळ्या मैदानात.

या मोजणीत एक गंमत आहे. ती वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचीही आहे. स्टँडवर उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीवर आलेला आकडा आणि दोघे जण सीटवर बसल्यावर आलेला आकडा सारखा नसतो. माणूस म्हणजे खारट पाण्याने भरलेली, उभी, सत्तर-ऐंशी किलोची पिशवी. रेडिओलहरींच्या दृष्टीने तो चांगलाच वाहक. तो काठीजवळ बसला की त्या व्यवस्थेचा भाग होतो. मीटरची सुई सरकते ती याचीच पावती. म्हणून मोजणी माणसे बसवूनच, हेल्मेट आणि सामानासकट करावी आणि मीटर वाचायला तिसऱ्याला उभे करावे. आकडा चांगला आला म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. गंजलेली जोडणी आणि पाणी शिरलेली केबल शक्ती उष्णतेत जिरवतात. परत काहीच येत नाही म्हणून मीटर खूश दिसतो. त्यामुळे आकड्याबरोबर दोन किलोमीटरवरच्या सोबत्याला ऐकू जाते का, हेही पाहावे.

आता मागच्या सीटकडे वळू. रेडिओलहरींबद्दल पहिला प्रश्न कर्करोगाचा येतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ वारंवारतेच्या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ या २बी गटात टाकल्या. त्यामागची चर्चा मुख्यतः डोक्याला लावून धरलेल्या मोबाइलची होती. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीत अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते, त्यामुळे ती क्ष-किरणांसारखी थेट डीएनएचे तुकडे करू शकत नाही. तिचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच, उष्णता. सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय निकष याच परिणामावर आधारलेले आहेत. या पट्ट्यात सामान्य माणसासाठी विद्युतक्षेत्राची मर्यादा दर मीटरला २८ ते ३० व्होल्टच्या आसपास धरली जाते, तीही काही मिनिटांच्या सरासरीवर. ४ वॅटच्या पूर्ण लांबीच्या अँटेनाचा ढोबळ हिशेब एक मीटरवर सुमारे १४ व्होल्ट दाखवतो, म्हणजे मर्यादेच्या निम्मे. पण हा हिशेब दूरच्या अंतराचा. या लहरीसाठी पावणेदोन मीटरच्या आतले अंतर ‘निकटक्षेत्र’ ठरते. तिथे साधे सूत्र लागू पडत नाही, वेटोळ्याजवळ क्षेत्र बरेच जास्त असू शकते. मागची व्यक्ती संपूर्ण प्रवासभर निकटक्षेत्रातच बसलेली असते.

दिलासा देणारी बाजू अशी, की सीबीवर कोणी अखंड बोलत नाही. बोलताना बटण दाबले तेवढाच वेळ लहरी निघतात, ऐकताना काहीच नाही. सहा मिनिटांत एक मिनिट बोलले तर सरासरी शक्ती वॅटच्या दोनतृतीयांशावर येते. फिजिओथेरपीच्या काहीशे वॅटांपुढे हे किरकोळ आहे. म्हणून कायदेशीर ४ वॅट, योग्य जोडणी आणि थोडे अंतर एवढे सांभाळले तर निरोगी माणसाला काळजीचे कारण नाही. अंतर मिळवणे सोपे आहे. अँटेना डिकीच्या पुढच्या कोपऱ्यावर न लावता मागच्या कोपऱ्यावर लावावा, पाठ टेकायच्या जागेपासून शक्य तेवढा दूर. वेटोळे काठीच्या वरच्या भागात असलेला अँटेना घ्यायचा असेल तर ते मागच्या माणसाच्या डोक्याच्या पातळीत येत नाही ना, हे तिला सीटवर बसवून पाहावे. अंतर दुप्पट केले की क्षेत्र निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते.

खरी भानगड सुरू होते ती अँटेना कच्चा असल्यामुळे आवाज पोहोचत नाही तेव्हा. मग कोणीतरी अ‍ॅम्प्लिफायर सुचवतो. अमेरिकेत सीबीवर तो बेकायदा आहे, तरी मिळतो. ४ वॅटचे १०० केले तर ऐकणाऱ्याला फरक पडतो तो वाटतो तेवढा मोठा नसतो. मागच्या सीटवरचे विद्युतक्षेत्र मात्र पाचपट होते. एक मीटरवरच्या त्याच ढोबळ हिशेबाने १४ व्होल्टचे ७० झाले, म्हणजे बोलणे चालू असताना मर्यादेच्या दुपटीहून अधिक. अंतर त्याहून कमी असेल तर किती, हे बोलायलाच नको. फिजिओथेरपिस्ट यंत्र चालू करून स्वतः दूर उभे राहतात, खाट लाकडी वापरतात, रुग्णाच्या अंगावरचे घड्याळ आणि श्रवणयंत्र काढून ठेवायला लावतात. तीच वारंवारता मोठ्या शक्तीने उघड्या रस्त्यावर, लोखंडी गाडीवर आणि पत्नीच्या खांद्यापाशी वापरणे हे अडाणीपणाचे आहे. शंभर रुपयांचा तांब्याचा पट्टा जे काम करतो त्यासाठी शंभर वॅट लावू नयेत.

शरीरात उपकरण बसवलेल्यांची गोष्ट वेगळी. लांबच्या सफरी करणारे पुष्कळ अमेरिकी स्वार साठी ओलांडलेले असतात. कोणाला पेसमेकर, कोणाला कृत्रिम गुडघा. डायथर्मी अशा रुग्णांना देत नाहीत, आणि त्यामागे कटू अनुभव आहे. मेंदूत खोलवर उत्तेजक इलेक्ट्रोड बसवलेल्या दोन रुग्णांचा डायथर्मीनंतर मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये जाहीर इशारा दिला. शरीरातली तार अँटेनासारखी ऊर्जा गोळा करते आणि ती टोकाशी, म्हणजे मेंदूच्या पेशींत ओतते. सीबीची शक्ती त्या मानाने नगण्य, त्यामुळे कृत्रिम गुडघ्याने काळजी करण्यासारखे नाही. पेसमेकरचा प्रश्न तापण्याचा नसून गोंधळण्याचा आहे. हृदयाचे सूक्ष्म विद्युत्संकेत वाचणारे ते यंत्र बाहेरच्या लहरींना संकेत समजू शकते. एवढ्या शक्तीच्या रेडिओसाठी पेसमेकर कंपन्या अँटेनापासून साधारण ३० सेंटिमीटर अंतर सांगतात. मागे बसणाऱ्याला पेसमेकर असेल तर एवढ्यावर न थांबता त्याच्या यंत्राची पुस्तिका हृदयरोगतज्ज्ञाला दाखवून विचारावे. बटण दाबले की चक्कर येते किंवा छातीत धडधडते, असे झाले तर रेडिओ बंद करून तपासणी करून घ्यावी.

एक इजा मात्र ४ वॅटवरही होते. कोणी बोलत असताना दुसऱ्याने उघडी धातूची काठी हाताने धरली, तर रेडिओलहरींचा चटका बसतो. काठीच्या टोकाला व्होल्टता सर्वांत जास्त असते. चटका टाचणीच्या डोक्याएवढा, पांढुरका, पण वाटतो त्यापेक्षा खोल, आणि भरायला वेळ घेणारा. त्यावर लगेच वाहते गार पाणी वीस मिनिटे धरावे. तूप, टूथपेस्ट, शाई काहीही लावू नये. फोड आला तर फोडू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारून घ्यावे. फायबरग्लासच्या आवरणातल्या काठीने आणि टोकावरच्या प्लास्टिकच्या टोपीने हा धोका जवळजवळ संपतो. ती टोपी वाऱ्याने उडून जाते आणि कोणी परत लावत नाही.

भारतात हा पट्टा अगदीच परका नाही. २००५ च्या नियमांनी या पट्ट्यातल्या ५ वॅटपर्यंतच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली, पण ती अंगभूत अँटेना असलेल्या उपकरणांना. परदेशातून संच आणून डिकीवर काठी उभारणे तिच्यात बसत नाही. पुण्या-मुंबईहून लडाखला जाणारे दुचाकीस्वार आज हेल्मेटमधले ब्लूटूथ संच वापरतात. त्यांना अँटेनाची चिंता नाही. पण सीबीवाल्यांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित आजार त्यांनाही तसाच लागू आहे. तो कानाचा.

हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे ९० डेसिबल ओलांडतो, महामार्गाच्या वेगाला तो शंभराच्या घरात जातो. अमेरिकेतील कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात, दर ३ डेसिबलला मुदत निम्मी होते, आणि १०० डेसिबलला ती फक्त १५ मिनिटे उरते. या वाऱ्यावर मात करून ऐकू यावे म्हणून स्पीकरचा आवाज आणखी वाढवला जातो. अँटेना कच्चा असेल तर बोलण्याबरोबर खरखरही तेवढीच मोठी होते, आणि दिवसभर ती कानात ओतली जाते. संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर कानात ‘सूं’ वाजते, समोरच्याचे बोलणे कापूस घातल्यासारखे वाटते. सकाळपर्यंत बरे वाटते म्हणून कोणी मनावर घेत नाही. आतल्या कानाच्या केसपेशी मात्र एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि अशी काही वर्षे गेली की ‘सूं’ सकाळीही तशीच राहते.

उपाय उलटा वाटेल असा आहे. कानात फोमचे बोळे घातले की हेल्मेटमधला स्पीकर जास्त स्पष्ट ऐकू येतो, कारण वाऱ्याचा गोंगाट बोळ्यांत अडकतो आणि स्पीकर मोठा ठेवावा लागत नाही. बोळा बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. अमेरिकेतल्या काही राज्यांत दोन्ही कानांत काही घालण्यावर बंधने आहेत, तेवढे पाहून घ्यावे. सीबीवर स्क्वेल्च नावाची कळ असते. ती योग्य ठेवली तर कोणी बोलत नसताना खरखर बंद राहते. किती तरी जण ती वापरतच नाहीत.

उरली ती काठीची साधी, यांत्रिक इजा. गाडी उभी असताना खाली वाकून डिकीतले सामान काढणाऱ्याच्या डोळ्यात काठीचे टोक जाऊ शकते. बुबुळाला ओरखडा उठला तर डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा, झाकून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर तसे सांगावे. काठी बुडाशी स्प्रिंगवर किंवा दुमडणाऱ्या बिजागरीवर बसवली तर सामान काढताना ती आडवी करता येते, आणि गाडी पडली तरी भाल्यासारखी उभी राहत नाही. मागचा माणूस ज्या बाजूने पाय टाकून चढतो त्या बाजूला ती लावू नये. शिवाय फायबरग्लासच्या काठीवरचे आवरण उन्हाने पाच-सात वर्षांत चिरफाळते आणि पांढरी कुसळे बाहेर येतात. अशी काठी उघड्या हाताने पुसली की तळहातात दिवसभर खाज सुटते आणि कुसळे दिसतही नाहीत. ती चोळून आत जातात. चांगल्या उजेडात चिकटपट्टी दाबून ओढावी, मोठी असतील ती चिमट्याने काढावीत. काठी बदलावी, किंवा निदान हातमोजे घालून तिच्यावर नवे आवरण चढवावे.